चादरीचं दुसरं टोक

ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली उतारावरून सुटली, ती थेट फाटकातून आत येणाऱ्या मुलीच्या रोखाने. ती बाजूला झाली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. पण तिने पाय रोवले, दोन्ही हात पुढे केले आणि ट्रॉलीसकट मागे घसरत जाऊन अखेर ती थांबवली. मागून धावत आलेल्या उंच तरुणाला धाप लागली होती. क्षमा मागायची सोडून तो तिच्या लाल झालेल्या तळव्यांकडे पाहत म्हणाला, "कामासाठी आलात ना? मग झाली तुमची परीक्षा."

परीक्षा अर्थातच एवढ्यावर आटोपली नाही. हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत कॉलेज सुटल्यानंतरच्या अर्ध्या पाळीसाठी माणूस हवं होतं. पाळीच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी तिला यंत्रातून नुकताच निघालेला चादरींचा पिळा उचलायला लावला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तिने चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही. पाण्याची बादली दारापर्यंत नेताना वाटेत टेकवणारी ही मुलगी तिथे टिकली तर आपण मिशा उतरवू, असं थोरल्या भावाने घरी सर्वांदेखत सुनावलं होतं. तेव्हा टिकणं भागच होतं.

सुरुवातीला खांदे असे भरून येत, की केसांतून कंगवा फिरवायलाही हात वर जात नसे. ओझं कंबरेने नव्हे, मांड्यांच्या जोरावर उचलायचं असतं, हे तिला त्या उंच तरुणानेच शिकवलं. मोठ्या बाईंनी दोघांची जोडी लावली होती. त्याला सगळे लंबू म्हणत. साहजिकच तिची चिमणी झाली.

मोठ्या चादरीची घडी एकट्याने होत नाही. दोघांनी दोन-दोन टोकं धरायची, मागे सरत कापड ताणायचं, टोकं जुळवायची आणि एकमेकांकडे चालत यायचं. मग त्याने आपली टोकं तिच्या हाती द्यायची अन् वाकून खालची दुमड उचलायची. हाती देण्याच्या त्या क्षणी इस्त्रीची ऊब दोघांच्या मध्ये असे... आणि नजर कुठे ठेवावी हे तिला कळत नसे.

"चिमणे, माझ्याकडून चादर घसरगुंडीसारखी उतरतेय. स्टूल आणू का?" तो विचारी.

"त्यापेक्षा तूच गुडघ्यांवर ये."

तो खरोखरच गुडघ्यांवर आला, तेव्हा अख्खी पाळी हसली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही आठवलं नसतं.

अंग कामाला सरावलं तसा तिचा हात भराभर चालू लागला. त्याचा मात्र दिवसेंदिवस संथ होत गेला. जुळलेली टोकं तो पुन्हा जुळवी. तिच्या हाती देताना उगाच थबके. शेजारच्या जोड्यांचे ढीग छातीपर्यंत चढत, यांचा कंबरेशी रेंगाळे. हातांना काय मेंदी लावली आहेस का, असं ती टोचून बोले; तो नुसता हसे. ते थबकणं तिला हवंहवंसं वाटे, आणि म्हणूनच ती स्वतःवर चिडे.

एके दिवशी मोठ्या बाईंनी त्या ठेंगण्या ढिगाचं कारण विचारलं. तिने बेधडक सांगून टाकलं, "माझा हात थांबत नाही, बाई. जोडीदार मागे पडतो." ढिगाच्या पलीकडून लंबूने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर नवी मुलगी उभी होती. इस्त्रीयंत्रावरच्या मावशीने तिला बाजूला घेतलं. कुठल्याही जोडीचा हात बसला, की मोठ्या बाई ती फोडतात आणि दोघांना एकेक नवखं माणूस शिकवायला देतात, ही तिथली जुनी पद्धत. नव्यांना ती कोणी सांगत नसे. "इथला सगळ्यात चपळ हात त्याचा, पोरी," मावशी म्हणाली. "तुझ्यासोबतच काय तो संथ झाला. आणि आता निघालाय, उतारावर व्हॅन उभी आहे."

ती धावत उतारावर गेली. लंबू बॅग घेऊन व्हॅनजवळ उभा होता. दुसऱ्या शहरातल्या शाखेत त्याने आदल्या संध्याकाळीच स्वतःहून बदली मागून घेतली होती.

"मला सांगायचं नाहीस?"

"काय सांगणार, हळू काम कर म्हणून? तू टिकायला आली होतीस. आणि मला वाटलं... तुला कळतंय."

"कळत होतं," ती म्हणाली. खोटं बोलण्यात आता अर्थ नव्हता. "मला तू आवडतोस. थांबशील?"

त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर नीट केला. "काल म्हणाली असतीस तर थांबलो असतो. माझ्या जागी येणारा कधीपासून इथली बदली मागत होता; बायको-पोरांसह सकाळीच इथे उतरलाय. त्याला कुठल्या तोंडाने परत जा म्हणू?"

त्याने तिचे तळवे क्षणभर हातांत घेतले. आता तिथे घट्टे पडले होते. मग तो व्हॅनमध्ये चढला.

ती परतली तेव्हा नवी मुलगी चादरीची दोन टोकं धरून ताटकळत उभी होती. डोळे का लाल झाले, असं तिने भाबडेपणाने विचारलं.

"वाफेने," ती म्हणाली. कापड ताणत ती एक पाऊल मागे सरली, आणि थांबली. "नाही गं... वाफेने नाही."