बोळ्यांआडची हाक

"कानात बोळे घातल्यावर आतून कुणी हाक मारली, तर ओ देऊ नकोस," शेजारच्या प्रेसवरच्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी हसले. पदार्थविज्ञान शिकलेली मी. कान बंद केले की स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येतं, हे मला ठाऊक होतं.

कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये प्रेसखाली पत्रा कापला जातो तेव्हा हादरा दातांपर्यंत येतो. फोमचे पिवळे बोळे चिमटीत वळून कानात सारायचे. ते हळूहळू फुगतात आणि जग लांब जातं. मग बोलणं ओठांनी आणि खुणांनी. कुणालाही गाठायचं ते समोरून. मागून हात लावला तर दचकून त्याची बोटं प्रेसखाली जायची. मावशी जेवणाच्या सुट्टीतही बोळे काढत नसत. डब्यासमोर एकट्याच हसत. विचारलं तर म्हणायच्या, "घरी कोण बसलंय माझ्याशी बोलायला?"

माझी लेक दिवसभर सासूबाईंजवळ असायची. तिला अजून एकही शब्द फुटला नव्हता, त्या काळजीने मी अर्धी झाले होते. एका दुपारी प्रेस खाली आली आणि त्या धडधडाटाच्या आत, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं, "आई."

मी ओ दिली.

समोर मावशींचे हात थांबले. माझे ओठ त्यांनी वाचले होते.

घरी सासूबाई दारातच उभ्या. "अगं, आज आई म्हणाली ती. म्हणजे, तोंड तसंच केलं. आवाज नाही आला."

तो आलाच नाही. आता रडली तरी नुसते गाल भिजतात. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान तपासले, सगळं ठीक म्हणाले. सासूबाईंचं म्हणणं, तुझ्यासारखी बडबडी नाही, एवढंच.

कामावर बोळे घातले की मात्र ती बोलते. पाणी मागते, खिदळते. काढले की नुसती प्रेस.

मावशींना मी खुणेने विचारलं, तुमचं कोण? त्यांनी जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर तळहात धरला आणि पाठ फिरवली.

आता मी घरीही बोळे घालून बसते, लेकीला मांडीवर घेऊन. काल आतून सासूबाईंचा आवाज आला. "अगं, ऐकतेस का?"

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

मांडीवरच्या लेकीने ओ देताना होतो तसा ओठांचा गोल केला.

बोळे उपसून मी स्वयंपाकघरात धावले. सासूबाई माझ्याकडे बघून काहीतरी सांगत होत्या. नुसते ओठ.

तुमच्या घरात कुणी बराच वेळ गप्प असेल, तर आत्ता उठा. हाक मारू नका. समोरून जा, आणि ओठ हलताहेत का, तेवढं बघा.