दुपारचा पहारा

घाबरायचं कारण नाही, गोष्ट आनंदाचीच आहे. फक्त ती सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, त्याला माझा इलाज नाही.

कर्जतजवळच्या आमच्या वाडीत चैत्रात सप्ताह बसतो. गवयाचा तंबोरा मैफल संपली की गवसणीत जातो, गोसाव्याची एकतारी खुंटीला टांगली तरी चालते. आमची वीणा मात्र सप्ताहभर कुणाच्या तरी गळ्यातच राहते. दांडी खांद्याला, भोपळा पोटाशी आणि बोट तारेवर. पहारा बदलताना एक जण ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो आणि दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वीणा जमिनीला टेकली की सप्ताह मोडला, आणि ज्याच्या हातून मोडला त्याच्या घरावर ते येतं, असं आमच्याकडं मानतात.

त्या वर्षी दुपारचा पहारा माझ्या वाट्याला आला. सगळं गाव ओढ्यापलीकडच्या मळ्यात पंगतीला, लाईट गेलेली, कर्णा मुका, आणि देवळात मी एकटा. माझ्यानंतर रामहरीची पाळी होती. त्याचा टेम्पो मिरजगावात पंक्चर होऊन पडलाय, हे मला कुठून कळणार?

तेवढ्यात खिशातला मोबाईल थरथरला. एका हातानं तार छेडत दुसऱ्यानं तो कानाला लावला. कर्जतच्या दवाखान्यातून सासूबाई बोलत होत्या.

"जावईबापू, निकिताला आत घेतलंय. बाळाचे ठोके कमी लागत्यात म्हनं... तुमालाच हाका मारतीय."

निकिता माझी बायको. आधीची दोन बाळं आमच्या हाती लागली नव्हती. या वेळची तारीख अजून लांब होती, म्हणून तर मी पहारा घेतला होता. रामहरीला फोन लावला, लागेना. ओरडलो, पण ओढ्यापलीकडं काय ऐकू जाणार. वीणा खाली ठेवावी तर बाळाच्या जिवाला घोर, न ठेवावी तर निकिता एकटी. मला रडू फुटलं. रडता रडता तार मात्र छेडतच होतो.

तेव्हा मागून धुरीचा वास आला. उदाचा नव्हे, बाळंतिणीच्या खोलीत ओवा-शेपांची धुरी देतात, तिचा. पाऊल वाजलं नव्हतं, तरी एक माणूस अगदी जवळ उभा होता. उन्हात बांधतात तसं उपरणं तोंडाला गुंडाळलेलं.

"दे... मी धरतो," तो हळूच म्हणाला.

"तुमी कोन?"

"जा लवकर. वाट बघतीय ती..."

आवाज फार ओळखीचा, पण कुणाचा ते आठवेना. वीणा त्याच्या गळ्यात घातली, पाया पडलो. भर उन्हातून आलेल्या त्या माणसाचे पाय माठासारखे गार होते. तोही वाकला. मी गाडीला किक मारली तेव्हा आतून तार वाजत होती, माझ्या हाताखाली वाजते तशीच, मध्येच जरा अडखळत.

मुलगी झाली. लालबुंद, आणि रडणं असं की डॉक्टरीणबाईही हसल्या. निकितानं तिला माझ्या हातात दिलं आणि मी दवाखान्यात सगळ्यांसमोर नाचलो. खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी पेढे घेऊन देवळात गेलो. रामहरी आपला पहारा संपवून ओट्यावर बसला होता.

"तुज्याआदी वीणा कुनाकडं हुती रे?" मी विचारलं.

"म्हंजे? तुज्याकडंच की, कारभारी. मी आलो तवा उपरन्यानं घाम पुसत हुतास. लई खुशीत. म्हनलास, पोरगी झाली..."

"कवा आलास तू?"

"पंगत उठायच्या आदीच."

पंगत उठायच्या वेळी मी दवाखान्यात बंद दाराबाहेर उभा होतो. मुलगी व्हायला अजून बराच वेळ होता.

पेढा हातातच राहिला. मग मला हसू आलं, ते थांबेना. भीती वाटलीच, पण नुकत्याच बाप झालेल्या माणसाला भीती तरी किती वेळ पुरणार.

यंदा पोरगी बोबडं बोलायला लागलीय. सप्ताहात मी हट्टानं दुपारचाच पहारा मागून घेतला. निकिता तिला कडेवर घेऊन आली. पोरीनं माझ्याकडं बोट केलं, "पप्पा."

निकिता कौतुकानं हसली. मग पोरीनं माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडं बोट केलं.

"पप्पा," ती म्हणाली, दोन्ही हात पसरून तिकडं झेपावली, आणि कुणी गुदगुल्या केल्यासारखी खुदुखुदु हसायला लागली.