हातवळण

जिनेंद्र उपाध्ये सहाय्य केंद्रात आला तेव्हा तिथे दुसरं कुणीच नव्हतं. आता तिथे फारसं कुणी येत नसे. नोकरी करणाऱ्या प्रत्येक अपंग माणसाला कामासाठी लागणारं साधन आठ दिवसांत मिळालंच पाहिजे, असा कायदा होऊन नऊ वर्षं झाली होती, आणि तो खरोखर पाळला जात होता. ज्याला जे हवं होतं ते मिळून गेलं होतं.

केंद्रातल्या शास्त्रज्ञ डॉ. ऋजुता टोणपे हिने त्याचा अर्ज वाचला. ‘कोणतं काम करताना अडचण येते?’ या प्रश्नासमोर लिहिलं होतं, ‘कोणतंच नाही.’

“मग अर्ज कशासाठी केलात, सर?”

तिचं वाक्य संपेपर्यंत ते जिनेंद्रच्या हातावर उमटलंही होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याला ऐकू येईनासं झालं आणि सत्ताविसाव्या वर्षी दिसेनासं. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. बोलता त्याला येत होतं. समोरच्याचं बोलणं मात्र स्पर्शबाहीतून कळायचं. ही बाही मनगटापासून कोपरापर्यंत घालायची. तिच्या आत मोहरीएवढे चौदाशे मणी होते. वीज मिळाली की मणी फुगायचा, वीज थांबली की बसायचा. कॉलरमधला माइक बोलणं टिपायचा आणि मणी ओळीनं फुगत-बसत कातडीवर अक्षरं काढायचे, जणू कुणी बोटानं लिहितंय.

“मला कुणी हात लावत नाही,” जिनेंद्र म्हणाला.

ऋजुता गोंधळली. “कामाच्या ठिकाणी कुणी हात लावू नये, हे बरंच की.”

“तसं नाही हो मॅडम. बाही नव्हती तेव्हा माझ्याशी बोलायचं तर माझा हात हातात घ्यावा लागायचा. तळहातावर बोटानं लिहायचे. शेजारच्या टेबलावरच्या हसीनाबाई मुजावर तर अकरा वर्षं लिहीत होत्या. अक्षरावरची रेघ द्यायच्या नाहीत, वेळ जातो म्हणून. च्या घेतला का, आज आभाळ आलंय, साहेब चिडलाय, असलं सगळं. आता सगळे लांबूनच बोलतात. कोण बोललं तेही बाही सांगते. पण हात एकच. बाहीचा.”

ऋजुताला हे पूर्वी कुणी सांगितलं नव्हतं. ती महिनाभर त्याच प्रश्नावर बसली. जसं प्रत्येकाच्या अक्षराला वळण असतं तसं स्पर्शालाही असतं. कुणी बोट टेकवून लिहितो, कुणी ओढत, कुणाचा दाब शेवटच्या अक्षराला कमी होतो. कारखान्यातल्या तेवीस जणांचे हात तिनं दहा-दहा मिनिटं मोजून घेतले आणि त्यांची वळणं बाहीत भरली. आता जो बोलेल त्याच्याच हाताचा स्पर्श उमटणार होता. या सोयीला तिनं ‘हातवळण’ असं नाव दिलं.

बाही देताना तिनं काही प्रश्न विचारले. त्यातला एक होता, दिवसातून साधारण किती वेळा कुणी बोललं तर बरं वाटतं? “पूर्वी तीसेक वेळा तरी कुणी ना कुणी हात धरायचं,” जिनेंद्र म्हणाला. तिनं तीस लिहिलं.

कारखाना कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत होता. तिथे कृत्रिम गुडघ्यांच्या वाट्या बनत. तयार वाटीच्या पॉलिशवरून बोट फिरवायचं आणि खोट शोधायची, हे जिनेंद्रचं काम. यंत्राच्या नजरेतून सुटलेला ओरखडा त्याच्या बोटाला सापडायचा. नवी बाही घालून तो पहिल्या दिवशी टेबलाशी बसला आणि हसीनाबाईंचा हात आला. तोच घाईचा, वरची रेघ गाळणारा. त्याला इतकं बरं वाटलं की हातातली वाटी त्यानं नुसतीच धरून ठेवली.

दीड वर्ष असं चाललं. जिनेंद्र एकटा राहत होता, पण दिवस भरलेला असायचा. काम करता करता तो मोठ्यानं उत्तरं देई, हसे, हसीनाबाईंच्या नातवाची चौकशी करी.

नोव्हेंबरात बाही दोन दिवसांसाठी दुरुस्तीला गेली. पहिल्या दिवशी गाडीवाल्यानं त्याला हाताला धरून टेबलापर्यंत सोडलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. लोकांची लिहायची सवय गेली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशीही दुपार होत आली तेव्हा त्यानं शेजारच्या टेबलाकडे हात लांब केला.

“हसीनाबाई?”

एक हात हातात आला. अनोळखी, थंड. त्या बाईनं एकेक अक्षर चाचपडत लिहिलं. ‘मी लता कांबळे. त्या मार्चमध्ये रिटायर झाल्या.’

“काय बोलता? परवा बोलल्या माझ्याशी.”

 बोट पुन्हा चालू लागलं. ‘मी सात महिने इथंच बसते. तुम्ही सारखे कुणाशी तरी बोलत असता. फोनवर असाल, मध्ये कशाला बोलायचं, असं वाटायचं.’

निरोपाचा कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये झाला होता. सूचना फलकावर लागली होती. बाही सांगेल, असं प्रत्येकानं गृहीत धरलं होतं. आणि फलक काही बोलत नाही.

बाही परत मिळाली तशी शनिवारी जिनेंद्रनं केंद्र गाठलं. ऋजुतानं नोंदी उघडल्या आणि मार्चपासूनच्या एकेक करून वाचल्या.

“मी तीस लिहिलं होतं, सर. खरी माणसं त्याहून कमी बोलली, की उरलेलं बाही भरून काढते. ज्याचं वळण तुम्हाला सगळ्यांत आवडतं, त्या वळणात. बाही देताना भरलेल्या फॉर्मच्या अकराव्या पानावर आहे हे. मी वाचून दाखवायला हवं होतं.”

“आणि मी हसत बसायचो म्हणून खरी माणसं येईनाशी झाली.”

“हो. म्हणून बाहीला आणखी भरावं लागलं. बंद करू का? मिनिटाचं काम आहे.”

“केलं तर दिवसाला किती जण बोलतील?”

तिनं पुन्हा नोंदी पाहिल्या. “गेल्या महिन्यात सरासरी दोनदा. त्यातलं एक हजेरीचं.”

“आधी हसीनाबाईंना भेटून येतो,” जिनेंद्र म्हणाला.

रविवारी तो एसटीनं हुपरीला गेला. रस्ता बाहीनं सांगितला. दाराशी त्यानं बाही काढून खिशात ठेवली. हसीनाबाईंनी त्याचे दोन्ही हात धरून त्याला आत नेलं, बसवलं, आणि त्याचा तळहात उघडला.

त्यांची बोटं संधिवातानं सुजली होती. अक्षर अर्ध्यावर राही, मग त्या तळव्यानं ते पुसत आणि पुन्हा काढत. आता वरची रेघही देत होत्या, नाहीतर पुढचं अक्षर कुठे काढायचं ते त्यांना कळत नसावं. ‘बरे आहात का भाऊ’ एवढं लिहायला त्यांना कितीतरी वेळ लागला.

“जाताना सांगितलंसुद्धा नाही,” जिनेंद्र म्हणाला.

‘आले होते की टेबलाशी. येते म्हटलं. जाते कसं म्हणायचं?’

त्याला आठवलं. तो शब्द हातावर आला होता, आणि रोजच्यासारखंच त्यानं “या” म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा हात पुन्हा हजर होता.

दोन तास तो बसला. हसीनाबाई लिहीत राहिल्या, आणि तो हसीनाबाईंचा हात येण्याची वाट पाहत राहिला. आपण कशाची वाट पाहतोय हे ध्यानात आलं तेव्हा त्याला इतकी शरम वाटली की तो उठलाच. पुन्हा येईन, म्हणाला. त्याचा हात त्यांनी लगेच सोडला नाही.

सोमवारी कामावर जाण्याआधी त्यानं ऋजुताला फोन लावला. “आहे तसं चालू राहू दे.”

“निदान एक खूण ठेवते, सर. कुठलं खऱ्या माणसाचं, कुठलं बाहीचं, ते कळेल.”

“नको.”

“पण सर, मग तुम्हाला कधीच…”

“नको मॅडम.”

नऊ वाजता तो टेबलाशी बसला. शेजारी लता कांबळे होती. तो बोलायला लागलेला पाहून तिनं पुढे केलेला हात मागे घेतला, हे त्याला कळलं नाही.

‘काल सुट्टीला काय केलंत, भाऊ?’ हसीनाबाईंनी लिहिलं.

“हुपरीला गेलो होतो. एका ओळखीच्या बाईंकडे.”

‘बऱ्या आहेत का त्या?’

जिनेंद्रनं पहिली वाटी उचलली आणि तिच्या कडेवरून बोट फिरवलं. “थकल्यात,” तो म्हणाला. “हात चालत नाही आता त्यांचा.”

त्यानं वाटी फिरवून दुसरी कड तपासली.

‘जात जा अधूनमधून,’ मग हसीनाबाईंनी लिहिलं. ‘एकटं वाटत असंल त्यांना.’