लाँचच्या फळीखाली

शेकोटीजवळ सरकून बसा पोरांनो, आणि मधे बोलू नका. साताऱ्यात शेगड्या दुरुस्त करतो तो आमचा वाजिद, त्याच्यावर गुदरलेला हा प्रसंग आहे. वाजिद थापा मारणाऱ्यांतला नाही.

२०२३ सालची कार्तिक अमावास्या, मंगळवार. बामणोलीला धरणाच्या पाण्यात लाँच चालवणाऱ्या मानसिंगचा त्याला फोन आला. लाँचमधला गॅस एकदा बघून जा, सकाळी वाईची मंडळी सहलीला येणार आहेत, जेवण पाण्यावरच करायचंय. हातातली कामं उरकून वाजिद पोचला तोवर रात्र पडली होती. मानसिंग घरी गेलेला. लाँचवर स्वयंपाकी धनाजी तेवढा होता. तो रोज शेगडीशेजारीच पथारी टाकायचा.

वाजिदनं आत पाऊल टाकलं. ओट्यावर बोटभर काळं तेल, त्यात चिकटून मेलेली झुरळं, कोपऱ्यात मासळीची आतडी. गॅसच्या रबरी नळीला हात लावला तर बोटांना काळा चिकटा लागला. आणि ती नळी घट्ट केली होती कशानं, तर सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं! गॅसची टाकी एका लाकडी खोक्यात होती. असल्या खोक्याला तळाशी भोक ठेवतात. गॅस हवेपेक्षा जड, गळला की पाण्यासारखा खाली उतरतो, तो त्या भोकातून बाहेर जावा म्हणून. मानसिंगनं त्यातच गोणपाटाचा बोळा कोंबलेला. वाजिदनं तो उपसला, तर आत उंदराचं सडलेलं पिल्लू. 

"आरं, हे भोक कुणी बुजवलं?"

"मालकानं. वाऱ्यानं शेगडी इझती म्हणून." धनाजीनं काड्याची पेटी काढली. "कुटं गळतंय त्येच बघायचंय न्हवं? काडी धरतो की."

वाजिदनं पेटी हिसकावून घेतली. "मरायचंय व्हय रं? साबणाचं पानी आन. गळत आसंल तितं बुडबुडं येत्यात."

"सयाजी बी आसंच म्हनायचा," धनाजी पुटपुटला.

सयाजी म्हणजे त्याच्या आधीचा स्वयंपाकी. वास येतोय, वास येतोय म्हणून मालकाच्या मागे लागायचा. एका सकाळी ह्याच जागी, पथारीवर गार पडलेला सापडला. मानसिंगनं झटका आला म्हणून सांगितलं आणि मोकळा झाला. तीच नळी, तेच बुजवलेलं भोक, आणि शेजारी झोपायला नवा माणूस. थूत असल्या मालकावर!

वाजिदनं टाकी बंद केली, रेग्युलेटर काढला, टाकी उचलून काठावर नेऊन ठेवली. नळी कापून टाकली. दार, खिडक्या सताड उघडल्या. तरी वास हटेना. उलट वाढला. गॅसचा... आणि त्याखाली आणखी एक. तोंडाचा. कितीतरी दिवस चूळ न भरलेल्या तोंडाचा.

गॅस तळात साचलाय की काय, म्हणून वाजिदनं पायाखालच्या फळ्यांच्या फटीवर साबणाचा फेस लावला.

बुडबुडा आला. एकच. फुगला... पण फुटला नाही. आत ओढला गेला. परत फुगला. परत आत.

"वाजिदभाई..." धनाजीनं फटीकडं बोट दाखवलं. "खाली कोन तरी... दम घेतंय..."

वाजिदनं पान्यानं फळी उचकटली. बॅटरी मारली. काळं पाणी. कुजका भात. माशांचे खवले. माणूस नाही.

धनाजी वाकून बघत होता. त्यानं श्वास घेतला. मोठा. आत... आत... सोडेचना.

डोळे पांढरे झाले. वाजिदनं त्याला बगलेत धरून काठावर ओढलं. पाठीत बुक्क्या घातल्या. धनाजी भडभडून ओकला. काळं, चिकट, तारा सुटणारं. ते वाजिदच्या अंगभर उडालं. मग कुठे तो खोकला.

सकाळी वाईची मंडळी आली, त्यांना वाजिदनं काठावरूनच माघारी धाडलं. मानसिंगनं आईबहिणीवरून शिव्या दिल्या. देईना का. धनाजी जगला, हे महत्त्वाचं. आता औंधला घरीच असतो, शेरडं राखतो, दोन वेळा पोटभर जेवतो.

पुढच्या दिवाळीत पाडव्याला त्याची बायको मनुबाई त्याला ओवाळायला उभी राहिली. तिनं ताम्हण त्याच्या तोंडासमोर धरलं.

"आटप की गं, भूक लागलीया," धनाजी हसून म्हणाला.

निरांजनाची ज्योत त्याच्या ओठांकडं वळली... आणि गॅसच्या शेगडीसारखी भपकन निळी झाली.

मनुबाई आता नवऱ्याला दुरूनच ओवाळते.