तीन साक्षीदार, एक बटण

"माफी मागणार नाही. आधीच सांगून ठेवते," खुर्चीत बसायच्या आधीच नर्स म्हणाली.

वन्संनी चष्मा वर सरकवला. "मग आमच्याकडे कशाला? न मागायला कुणाची मदत लागत नाही."

"लागते. नोटीस आलीय. उद्या मेट्रनसमोर चौकशी आहे. माफी लिहून द्या, नाहीतर नोकरी सोडा."

वहिनीने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. नणंदेने पुढच्या खोलीत खाजगी तपासाचा व्यवसाय थाटल्यापासून तिच्याकडे दोन कामं होती: येणाऱ्याला पाणी द्यायचं, आणि वन्संना केव्हाच कळलेली गोष्ट सगळ्यांत शेवटी समजून घ्यायची.

नर्सने फोन पुढे केला. पालकांचा ऑनलाइन मंच होता. बाळ शिंकलं तरी वहिनी तो उघडायची. तिथे एका वडिलांनी विचारलं होतं, मुलाला फिट्सचं औषध चालू आहे, पोर दिवसभर पेंगतं, काय करू? खाली नर्सचं उत्तर: 'औषध थांबवू नका. आधी वॉर्डला फोन करा.' पुढे नंबर. आणि बारीक अक्षरांत मंचाची टीप: 'एकदा दुरुस्त केले.'

"दुरुस्त काय केलंत?" वन्संनी विचारलं.

"नंबर. चुकून धुलाई विभागाचा टाकला होता. दुसऱ्या दिवशी तिथली माणसं भांडायला आली, आयांचे फोन आम्हाला का येतात म्हणून! तेव्हा बदलला. बाकी शब्दाला हात लावला नाही."

"आणि मुलगा?"

"औषध बंद झालं, फिट आली. आमच्याच वॉर्डात आहे, धोका टळलाय. पण हे बघा."

खाली वडिलांची नोंद होती. वर चौकटीत, नर्सच्या नावाने: 'औषध थांबवून बघा. काही वाटलं तर वॉर्डला फोन करा,' आणि नंबर. चौकटीखाली वडिलांनी लिहिलं होतं: 'बाईंनी हे सांगितलं होतं. आता गुपचूप बदललंय.' त्याखाली एका निवृत्त मास्तरांनी आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तेच वाक्य चौकटीत घालून नर्सला झोडपलं होतं.

वहिनीने तिन्ही नोंदी पुन्हा वाचल्या. तीन-तीन माणसं कशाला खोटं बोलतील?

वन्संनी वडिलांच्या चौकटीतला नंबर फिरवला. "बालरुग्ण विभाग," पलीकडून आवाज आला. वन्संनी मुलाची चौकशी केली आणि फोन ठेवला.

किती मायाळू, वहिनीला वाटलं.

मास्तर दारातच तडकले. "त्या बाईंनी एकदा सगळ्यांदेखत माझी चूक काढली होती. म्हणून काय मी खोटं लिहीन?"

"उत्तराचं बटण कुठलं दाबलंत?"

"शेवटच्या नोंदीखालचं. दाबलं की वरचा सगळा मजकूर आपोआप चौकटीत येतो. मी त्यातलं अक्षर काढत नाही. चौकटीत चौकट आली तरी राहू देतो. दुसऱ्याचं लिखाण छाटणारा मी कोण?"

शिवणवाल्या बाईंनी मशीनसुद्धा थांबवलं नाही. "मास्तरांच्या खालचं बटण दाबलं. अबब, केवढं बाड आलं! कामापुरतं ठेवलं, बाकी कापलं. हाताला सवयच आहे."

"नर्सची मूळ नोंद वाचलीत?"

"तेवढं वर कोण जातंय? चौकटीत होतंच की."

वडील वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. वहिनीला त्यांच्याकडे बघवेना.

"उत्तर दिसताच त्याच संध्याकाळी मी बटण दाबलं होतं," ते म्हणाले. "आभार मानायचे होते. मजकूर चौकटीत आला, तेवढ्यात पोर रडलं, नोंद अर्धवट राहिली. इथे आल्यावर उघडली, तर बाईंचे मूळ शब्द तसेच होते. खाली लिहिलं, पाठवली."

"चौकटीतलं काही बदललंत?"

"एक अक्षरही नाही."

बाहेर पडताना वहिनी कुजबुजली, "वन्सं, बाईच खोटारडी असेल तर? बापाचा चेहरा बघितलात ना?"

"चेहरा तूच बघ, वहिनी. मी चौकट बघते."

दुसऱ्या दिवशी मेट्रनने माफीचा कागद नर्सपुढे सरकवला. वडीलही आले होते.

"सही करा, विषय संपवू."

"आधी साक्षीदार मोजू," वन्सं म्हणाल्या. "मास्तरांच्या उत्तरात नर्सची चौकट वडिलांच्या चौकटीच्या आत आहे. म्हणजे त्यांनी वडिलांच्या खालचं बटण दाबलं. शिवणवाल्या बाईंनी मास्तरांच्या खालचं दाबलं आणि बाहेरच्या चौकटी कापल्या. मूळ नोंद दोघांनीही पाहिली नाही. साक्षीदार तीन नाहीत, एकच आहे."

"तो तरी खरा असेल ना?" मेट्रनने विचारलं.

"बटण दाबताक्षणी जे लिहिलेलं असतं, ते चौकटीत येतं. नर्सने नोंद एकदाच बदलली, मंचच तसं सांगतो. पहिल्या संध्याकाळी तिथे धुलाईचा नंबर होता. तुमचा धुलाई विभाग त्याला साक्षी आहे. मग त्याच संध्याकाळी भरलेल्या चौकटीतला नंबर फिरवला, तर बालरुग्ण विभागाने कसा उचलला?"

वहिनी चमकली. तो फोन मायेपोटी नव्हताच!

"धुलाईचा नंबर आणि 'थांबवून बघा' असं असतं, तर मी नर्सला दोषी म्हटलं असतं. पण दुरुस्त नंबर आणि 'थांबवून बघा' अशी नोंद कधी नव्हतीच. बटण दुरुस्तीनंतर दाबलं गेलं आणि चौकटीतलं वाक्य हाताने बदललं. नंबरही कधी वेगळा होता, हे बदलणाऱ्याला ठाऊक नव्हतं."

वडिलांनी मान खाली घातली. "पोराची गुंगी बघवेना. मीच बंद केलं औषध. बायकोला सांगितलं, नर्सने सांगितलं म्हणून. ती म्हणाली, दाखव कुठे. दाखवायला काहीतरी हवं होतं."

मग मेट्रनने कागद मागे ओढला. "झालं तर. नोटीस रद्द समजा. मंचवाल्यांना सगळं पुसायला सांगू. जा ड्यूटीवर."

"पुसायचं नाही," नर्स वडिलांकडे बोट दाखवत म्हणाली. "खरं काय झालं ते हे खाली लिहितील. चौकटीशिवाय, स्वतःच्या शब्दांत. उद्या दुसऱ्या कुणाचं पोर पेंगेल, तेव्हा ते आईबाप वाचतील. आणि 'रद्द समजा' चालणार नाही. तुमच्या नोटिशीत ते वाक्य माझ्या नावावर छापलंय. तुम्ही तरी वर जाऊन वाचलं होतंत?"

मेट्रनने नोटीस फाइलखाली सरकवली.

"लेखी मागे घ्या. तोवर मी इथेच बसते."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. नोकरी वाचली, आता कशाला ताणतेस बाई, असं वहिनीच्या अगदी ओठांवर आलं. पण तिने शेजारची खुर्ची ओढली आणि बाळाला मांडीवर नीट घेतलं.

"हे आत्ताच प्यायलंय," ती मेट्रनला म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."