पाखड्यानं टाकलेला 'पण'

तरंगवाडीच्या पोरांच्या कट्ट्यावर आठवडाभर भांडण नाही, हे ऐकून कुणीही आधी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता! तरंगवाडी म्हणजे खाडीच्या तोंडाशी तराफ्यांवर वसवलेलं गाव. तिथली मुलं संगणकाच्या पडद्यावर जमून गप्पा मारत, त्या जागेला त्यांनी नाव दिलं होतं कट्टा. एरवी तिथे पतंगाच्या शेपटीवरूनही हमरीतुमरी व्हायची. आणि आता बघावं तर नुसतं 'वा', 'छान', 'एकदम बरोबर'! हे झालं तरी कसं? कट्ट्याची प्रमुख केतकी मात्र खुशीत होती. आपली शिस्त लागू पडली, असं तिला वाटत होतं.

त्याच आठवड्यात, शनिवारी, मुलांनी वाढवलेली सगळी कालवं मेली.

कालवं म्हणजे शिंपल्यांतले जीव. दोऱ्यांना लटकवून मुलांनी ती वर्षभर जिवापाड जपली होती. खाडीत आतल्या बाजूला खाणं जास्त मिळतं, म्हणून केतकीनं हट्टानं दोऱ्या तिकडे हलवल्या. नेमकं धरणाचं पाणी सुटलं, खाडीची क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) घसरली आणि खेळ खलास. दोरी वर ओढली तर नाक धरायची वेळ आली.

कट्ट्यावरच्या दिगूचे बाबा धरणावर नोकरीला. केतकीनं त्याला धक्क्यावरच गाठलं.

"तुला ठाऊक होतं ना रे? मग दातखीळ बसली होती का तुझी?"

"सांगितलं होतं," दिगू म्हणाला आणि चालू लागला.

"खोटारडा!" केतकी त्याच्या पाठीवर ओरडली. तरी तिच्या मनाला ते लागून राहिलं. ती तडक वसुधाआत्याकडे गेली. आत्या शास्त्रज्ञ. कट्ट्यावरचा मजकूर निवडणारं यंत्र, पाखड्या, तिनंच बनवलेलं.

"बघू या, सुपातून काय काय बाहेर पडलंय," म्हणत आत्यानं पाखड्यानं अडवलेला मजकूर उघडला.

'पण आत गोडं पाणी येतं.' हा दिगू.

'पण मला नाही पटत.' हा दुसराच कुणी.

'पण आज माझा वाढदिवस आहे, कुणी काहीच का म्हणत नाही?' ही चिमुरडी जुई.

आणि पुन्हा दिगू. 'पण बाबा म्हणतात, शनिवारी धरणाचे दरवाजे उघडणार. दोऱ्या उचला!'

"अगं आत्या, पाखड्या बिघडलाय!"

"बिघडला नाही गं, शिकलाय. तुझ्याकडून."

आत्यानं तिला शेजारी बसवलं. "वाईट काय, हे मी पाखड्याला सांगितलंच नव्हतं. त्याचं प्रशिक्षण (उदाहरणं दाखवून शिकवणं) तुझ्या हातून झालं. तू जे काढून टाकायचीस, ते तो बघायचा. आधी शिव्या काढल्यास, बरं केलंस. मग काय काढलंस?"

केतकी हळूच म्हणाली, "दिगूचं. तो सारखा फाटे फोडायचा गं! वैताग आला होता. मी 'विषय सोडून' असा शेरा मारायचे आणि उडवायचे."

"विषय सोडून होतं का ते?"

केतकीनं मान हलवली. नव्हतं.

"यंत्राला ना कालवं कळत, ना दिगू. काढलेल्या मजकुरात कोणती खूण पुन्हापुन्हा येते, एवढंच ते शोधतं. त्याला खूण सापडली, 'पण'. नशीब, तो अख्खा शब्द वाचतो! नाहीतर 'आपण'मधला 'पण' गेला असता आणि आपण सगळे 'आ' वासून बसलो असतो."

केतकीला हसू नाही, रडूच आलं. "मग बंदच करू या त्याला."

"आणि शिव्या देणारे कट्टा डोक्यावर घेतील, ते? जुईसारखी पोरं पळूनच जातील. पाखडावं तर लागतंच, बाळा. फोलपटाबरोबर दाणे चाललेत का, हे बघायला मात्र माणूस हवं. आणि ते माणूस एकटं नको."

मग दोघींनी पाखड्याचे नियम बदलले. ज्याचा मजकूर अडवला जाईल, त्याला कारण कळेल. त्याला दाद (फेरविचाराची मागणी) मागता येईल, आणि निर्णय देणारं मूल दुसरंच असेल. अडवलेलं सगळं केतकीनं कट्ट्यावर मांडलं आणि खाली लिहिलं, 'हे मी केलं.' पोरांनी तिला चांगलंच फैलावर घेतलं. तिनं एक अक्षरही पुसलं नाही.

त्या गर्दीत दिगू मात्र नव्हता. ती त्याच्या घरी गेली.

"चुकले मी, दिगू. खोटारडा म्हणाले, तेही चुकलं. ये ना परत."

"राग नाही गं आता," दिगू म्हणाला. "लिहायला बसलो की वाटतं, कशाला? दिसणारच नाही कुणाला."

त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं, असं तिला वाटलं.

पुढच्या महिन्यात जुन्या जागी कालवांची नवी पिल्लं बांधायची ठरली. मुलं जमली. दिगूही आला, बोलला मात्र कुणाशीच नाही. केतकीनं दोरी सोडली, गाठ मारली, नीट तपासली.

"खाली सोड अजून," दिगू एकदम म्हणाला. "गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. एवढ्या वर ठेवलीस तर परत मरतील."

गाठ तर पक्की बसली होती, आणि सगळे बघत होते. केतकीच्या जिभेवर उत्तर आलंही होतं.

"किती खाली?" तिनं विचारलं, आणि गाठ सोडायला घेतली.