भट्टीशेजारची भिंत

तो दुकानात आला तो पावसामुळे. दुरुस्तीसाठी नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मामा सगळ्या गल्लीला भलतंच सांगत सुटला. शर्टाच्या बाह्यांवर पीठ होतं, त्यावर पावसाचे थेंब पडून बाह्यांवरच कणीक मळली गेली होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेला एक डबा होता, आणि तान्हं बाळ धरावं तसा त्याने तो छातीशी धरला होता.

टेबलाशी ती एकटीच काम करत होती. उजव्या हातात मीटरची सुई, डावा हात सरळ खिशात.

"ताई, सर ओसरेपर्यंत इथे उभा राहू?"

आतल्या खोलीत मामाला ठसका लागला. दुकान मामाचं, हातातली कलाही मामाने शिकवलेली, आणि भाचीला कोणी तरुण मुलाने 'ताई' म्हटलं की ठसका लागायची खोडही त्याचीच.

"राहा ना. पण ताई-बिई नको," ती म्हणाली. "डब्यात काय आहे?"

"ड्राइव्ह. बेकरीतल्या पीठ मळायच्या मशीनची मोटर यावर फिरायची. आता मेलाय. भंगारात द्यायला निघालोय. गेल्या वर्षीच दुरुस्त करून घेतला होता हो! आता पहाटे मी आणि बाबा हाताने मळतो. बाबांचा खांदा तर पार गेलाय."

"मेलाय की नाही ते मी ठरवते. ठेवा इथे."

झाकण उघडल्यावर तिने आधी एक बल्ब दोन टोकांना लावला. बल्ब क्षणभर मिणमिणला आणि विझला. तो दचकलाच.

"अहो, सकाळपासून बंद आहे तो!"

"माझा मामा सकाळपासून गप्प असला म्हणून त्याचा राग उतरलेला नसतो. यांचंही तसंच, बंद केलं तरी वीज आत साठून राहते. आधी उतरवायचा, मग हात लावायचा."

"सगळं ऐकू येतंय मला," आतून आवाज आला.

बेकरीवाला हसला. हसताना त्याच्या भुवयांवरचं पीठ झडलं. तिने ते पाहिलं आणि उगाचच मान खाली घातली.

"डाव्या हाताला काही लागलंय का?" त्याने हळूच विचारलं.

"छे. जास्त व्होल्टेजच्या कामाला एकच हात. दुसरा कुठे टेकला, तर झटका या हातातून त्या हातात जातो... मधे छाती असते."

"म्हणजे काळजासाठी?"

"काळजासाठी."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मग तिने घसा खाकरून आतले दोन गोल डबे दाखवले. त्यांची सपाट डोकी टरारून फुगली होती.

"हे बघा. कपॅसिटर. वीज साठते ती यांच्यात. हेच गेलेत. ड्राइव्ह कुठे लावला होता?"

"भिंतीवर. भट्टीशेजारी."

"भट्टीशेजारी!" तिने कपाळाला हात लावला. "आणि त्या शहाण्याने पुन्हा साधेच कपॅसिटर घातले. पंच्याऐंशी डिग्रीवाले. उकाड्यात यांचं आयुष्य भराभरा संपतं. एकशे पाच डिग्रीवाले हवेत, व्होल्टेजलाही थोडे वरचढ. चारशेच्या जागी साडेचारशे."

हे बोलताना तिचा चेहरा उजळला होता. एवढ्या प्रेमाने आपल्या पावाबद्दलही आपण कधी बोललो नाही, असं त्याच्या मनात आलं. तसं त्याने बोलूनही दाखवलं. ती कानापर्यंत लाल झाली आणि आत पळाली.

आत मामा कपाटापाशी उभा होता. एका हातात साधे कपॅसिटर, दुसऱ्यात चांगले.

"मुलगा बरा दिसतोय, ठिणगे," तो कुजबुजला. लहानपणापासून तो तिला ठिणगीच म्हणायचा. "साधे घाल. वर्षाच्या आत पुन्हा दारात उभा. चांगले घातलेस तर दहा वर्षं तोंड दाखवणार नाही."

"मामा! काहीतरीच काय?"

पण खरं सांगायचं तर क्षणभर तिचा हात साध्यांकडे गेला. गेलाच. मग तिला त्याच्या बाबांचा खांदा आठवला आणि तिने मुकाट्याने चांगले उचलले. मामाने जीभ चावली आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

"एक अडचण आहे," बाहेर येऊन ती म्हणाली. "हे फार दिवस कपाटात पडून होते. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटतील. थोडं थोडं वाढवत न्यावं लागतं. दुपार जाईल. तुम्ही हवं तर..."

"थांबतो," तो पटकन म्हणाला. पाऊस केव्हाच थांबला होता, पण तो विषय त्या दोघांपैकी कोणी काढला नाही.

दुपारभर ती हळूहळू व्होल्टेज चढवत राहिली आणि तो स्टुलावर बसून राहिला. थोडं चढवायचं, थांबायचं, काटा स्थिर झाला की पुन्हा थोडं. मधल्या वेळात त्याने पहिला करपलेला पाव सांगितला, तिने पहिला फोडलेला कपॅसिटर सांगितला. तीन वाजेपर्यंत 'अहो'चं 'अरे' कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही.

डबा देताना तिने बजावलं, "समोरच्या भिंतीवर लाव. भट्टीपासून लांब. मग दहा वर्षं बिघडणार नाही."

"दहा?"

"दहा."

त्याचा चेहरा एवढासा झाला. टॉवेल गुंडाळून, काहीतरी बोलायचं राहिल्यासारखा दारात घोटाळून, तो गेला.

मग काय! बाईसाहेबांचं कामात लक्ष लागेना. दारात कोणाचंही पाऊल वाजलं की मान वर. आठवडा असा गेल्यावर मामाच वैतागला. "अगं, नीट बसवलाय का ते तरी बघून ये. मीटर घे आणि सूट!"

बेकरी गरम आणि गोड वासाची होती. मशीन झकास फिरत होतं, बाबा गल्ल्यावर ऐटीत बसले होते. सगळं छान होतं. आणि डबा... भट्टीशेजारच्या भिंतीवर!

"अरे!" ती कडाडली. "काय सांगितलं होतं मी? इथे लावलास तर लवकर जाईल तो!"

बेकरीवाला पिठाच्या हातांनी उभाच राहिला.

"माहीत आहे."

"मग?"

"तिकडे लावला तर दहा वर्षं बिघडणार नाही म्हणालीस ना..." तो खाली बघत म्हणाला. "दुसरं निमित्त सुचेना मला. रोज तुमच्या रस्त्याच्या टोकापर्यंत येतो आणि परत फिरतो. पण दहा वर्षं नाही गं थांबता येणार. तू आवडतेस मला. फार आवडतेस."

तिला हसू आलं, रडूही आलं, आणि रागही गेला नव्हता. एवढे निवडून घातलेले कपॅसिटर हा गाढव तिच्यासाठी भाजत बसला होता.

"मेन बंद कर," ती म्हणाली.

त्याने निमूट बंद केलं. डब्यावरचा लाल दिवा मंद होत गेला. तिने झाकण काढलं, डावा हात खिशात घातला आणि सुई टेकवली. काटा उतरत होता. तो श्वास रोखून बघत होता, डब्याकडे नव्हे.

"उतरला?" त्याने विचारलं.

"उतरला."

मग तिने डावा हात खिशातून काढला. त्याचा पिठाचा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला.

"आता डबा तिकडच्या भिंतीवर लाव, वेड्या. दहा वर्षं चालू दे," ती म्हणाली. "आणि बिघडलेलं काही न घेता ये. आज संध्याकाळीच ये. मामा सहाला घरी जातो."

गल्ल्यावर बाबांना जोराचा ठसका लागला.